एक वाजता सुटणारी शाळा

शाळा एक वाजता सुटायची आणि एक वाजून बारा मिनिटांनी शर्वरी दारात उभी असायची. लगेच आत यायची नाही. चपला काढायची, दोन्ही जुळवून भिंतीकडेला ठेवायची आणि मग क्षणभर थांबायची, परक्या घरात पाऊल टाकण्याआधी माणूस थांबतं तशी.

"ये की गं," केतकी स्वयंपाकघरातून म्हणायची. "उन्हात काय उभी राहायलीस?"

"हो, आले. आई, पाणी मिळेल का?"

माठ दाराच्या डाव्या हाताला होता. शर्वरीच्या जन्माआधीपासून तिथेच होता. केतकी दर वेळी म्हणायची, "घे की, तुझाच माठ आहे," आणि शर्वरी दर वेळी "अच्छा" म्हणायची, नवीन माहिती मिळाल्यासारखी.

मार्च संपत आला होता. लातूरचं ऊन भिंतीतून आत यायला लागलं होतं. शर्वरीने एक भाकरी, वरण आणि शेंगाची चटणी खाल्ली, ताटात शीतही ठेवलं नाही. ताट स्वतः विसळून पालथं घातलं, हात पुसले आणि म्हणाली, "जेवण छान झालं होतं."

केतकीचा हात पिठात तसाच राहिला.

केतकी डोईफोडे हिने औसा रोडला चौदा वर्षं मेस चालवली होती. निलंग्याची, अहमदपूरची, पार हिंगोलीकडची पोरं-पोरी डॉक्टर व्हायला लातुरात यायची आणि तिच्याकडे जेवायची. त्यामुळे जेवणाऱ्या माणसांचे प्रकार तिला पाठ होते. घरचं पोर ताटावर बसतं तेच कुरकुरत. मीठ कमी आहे, रोज रोज दोडकाच का, मला नको. मेसचं पोर निमूट जेवतं आणि उठताना म्हणतं, 'काकू, छान झालं होतं.' चौदा वर्षांत हे वाक्य तिने हजारो वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी तिला त्या पोराच्या आईची कीव आली होती.

आता मेस बंद होऊन चार वर्षं झाली होती. पोरांना गाव सोडून शिकायला यायची गरजच उरली नव्हती. प्रत्येक तालुक्याला संथवर्ग निघाले होते.

संथवर्ग काय हे कळायला थोडं मागे जावं लागतं. शाळेचे तास वाढवायची हौस या शहराला जुनीच. आधी शाळा सहा तासांची होती, ती आठ तासांची झाली, मग दहा, मग अकरा. मुलं रिक्षात झोपायला लागली, घास तोंडात ठेवून झोपायला लागली. एक मुलगा तर फळ्यापुढे खडू हातात धरून उभ्याउभ्या झोपला आणि बाईंना ते गणित सोडवून होईपर्यंत कळलं नाही, कारण गणित दुसराच कुणीतरी सोडवत होता. निकाल दोन मार्कांनी वाढला आणि तिथेच अडला. पालकसभेत सगळ्यांचं एकमत झालं की दोष चोवीस तासांचा आहे. दिवसच तोकडा पडतो.

त्यावर पुण्याच्या डॉ. यमुना कारखानीस यांनी उपाय काढला. मेंदूला घड्याळ दिसत नाही, हे त्यांच्या शोधाचं मूळ. मेंदू वेळ मोजतो तो ठशांनी. एका क्षणात जितके जास्त ठसे उमटतील तितका तो क्षण लांब वाटतो. गाडीवरून पडताना रस्ता अंगावर येतो ती दोन सेकंदं संपता संपत नाहीत, ते याचमुळे. कारखानीसबाईंनी कानामागे चिकटवायची, पापडासारखी पातळ पट्टी तयार केली. ती लावली की मेंदू बारापट वेगाने ठसे घेतो आणि बाहेरचा काळ बारापट संथ होतो. म्हणून तिचं नाव संथक.

इतक्या वेगाने चालणाऱ्या मेंदूला बाईंचं बोलणं म्हणजे गोगलगाय. म्हणून शिकवणंही पट्टीतूनच यायचं. मुलं सकाळी सात वाजता वर्गात बसायची, डोळे मिटायची आणि आतल्या शाळेत जागी व्हायची. तिथे फळा होता, बाई होत्या, खेळायला मैदान होतं, मधोमध एक मोठा करंज होता. तिथे दिवस मावळायचा, अंधार व्हायचा, मुलं रांगेने अंथरुणावर आडवी व्हायची. असे तीन पूर्ण दिवस. आणि बाहेर एक वाजलेला असायचा.

पालक खूश झाले. शाळा पुन्हा सहाच तासांची झाली होती. मूल दुपारी घरी होतं, संध्याकाळी खेळायला मोकळं होतं. जगातली सगळ्यात लांब शाळा जेवायच्या वेळेला सुटत होती.

शर्वरी तिसरीत असताना तिला संथक लागला. आता ती अकरा वर्षांची होती. केतकीने एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडून बघितलं होतं. वर्षाला दोनशे वीस दिवस शाळा, एकेका दिवसात तीन दिवस, अशी चार वर्षं. सात वर्षांच्या वर जास्तीचा काळ मुलगी तिथे राहून आली होती. सुदर्शनला, नवऱ्याला, तिने फोनवर हे सांगितलं. तो चाकणला कारखान्यात होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा.

"हुशार झालीय की मग," तो म्हणाला. "मला तर माझ्याशी लई नीट बोलती वाटायलंय."

त्याच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. पाहुण्याला पाहुणं ओळखू येत नाही.

डॉ. कारखानीस त्याच आठवड्यात घरी आल्या. संथवर्गाची पाहणी चालली होती आणि त्या स्वतः आयांशी बोलत होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या बाई. खुर्ची दिली तरी स्वयंपाकघरात पाटावरच बसल्या. शर्वरी बाहेरच्या खोलीत झोपली होती.

"केतकीताई, प्रश्न एकच आहे," त्या म्हणाल्या. "दिवस लांब केल्याने मुलं जास्त शिकली का?"

"ते तुम्हीच सांगायचं की मॅडम."

"शिकली. शंभरात चार मार्क."

केतकी भाकरी थापत होती. "चार?"

"सव्वाचार."

"सात वर्षं घेतली तिची. आणि चार मार्क."

"सव्वाचार," बाई पुन्हा म्हणाल्या आणि स्वतःच खाली बघायला लागल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. दिवसभरात जे कळतं ते मेंदू तात्पुरतं ठेवतो. रात्री झोपेत त्यातलं निवडून निवडून पक्कं करतो. आतल्या शाळेत रात्र होते खरी, पण ती झोप भासाची. खरी झोप शरीराची, आणि शरीर घरी येऊन एकदाच झोपतं.

"म्हणजे चार पातेली दूध," केतकी म्हणाली, "आणि विरजायला गाडगं एकच."

"हो. अगदी तसंच."

"मग उरलेलं?"

"नासतं."

"कुठलं नासतं, मॅडम?"

बाईंनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला. "मेंदू जे जास्त वेळा येतं ते ठेवतो. तीन दिवस तिथले, एक दिवस इथला, तोही अर्धा. शिवाय परीक्षेत घरचं काही विचारत नाहीत."

तव्यावर भाकरी फुगली. केतकीने ती उतरवली, दुसरी टाकली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, निदान राग तरी. काही आलं नाही. भाकरी करपू नये एवढंच लक्षात राहिलं.

"आणि हे नवीन संमतीपत्र आलंय ते? चोवीसपटीचं?"

"एका सकाळीत सहा दिवस."

"त्यानं किती वाढतील?"

"अर्धा मार्क. कदाचित."

"मग करायलात कशाला?"

"शेजारच्या जिल्ह्यात सुरू झालंय म्हणून. मी अहवालात सगळं लिहिलंय, ताई. त्यांनी छापताना 'वाढ निश्चित दिसते' एवढंच ठेवलं." बाई उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर सही केली नसती."

"तुमच्या जागी मी असते तर पट्टी केली नसती," केतकी म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नाही. मीठ कमी आहे म्हणावं तशी.

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुमचा हात अजून वापरतो आम्ही. नवीन मुलांसाठी."

केतकी ते विसरून गेली होती.

पहिल्या वर्षी आतल्या शाळेत मुलं पहिल्या रात्री फार रडायची. तेव्हा शाळेने काही आयांना बोलावलं होतं, आणि मेसवाल्या काकूंचं नाव सगळ्यात आधी निघालं होतं, कारण गावात रडणाऱ्या पोरांचा अनुभव तिच्याइतका कुणाला नव्हता. केतकी मिरवतच गेली होती. आतल्या जेवणासाठी तिने आपल्या वरणाची चव टिपून दिली. मग तिच्या उजव्या हातात तारांचा एक मोजा चढवला आणि सात वर्षांच्या शरूला, शर्वरीला, मांडीवर आडवं घालून थोपटायला सांगितलं. दोन बारीक थापा, मग थोडं थांबून तिसरी, लांब. तिची करंगळी एकदा मेसच्या पुरीयंत्रात सापडून कायमची ताठ झाली होती. तिसऱ्या थापेला ती टोचू नये म्हणून ती करंगळी उचलून धरायची. शरू दहा मिनिटांत झोपली. मोजा लावणारी पोरगी म्हणाली होती, 'काकू, आता दोनशे मुलांना तुमचा हात मिळेल.' केतकीला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सोमवारपर्यंत सही करायची होती; सहीशिवाय वर्गात बसू देणार नव्हते. केतकीने केली नाही. सोमवारी सकाळी तिने शर्वरीला उठवलंच नाही. आठला मुलगी आपली आपण उठून आली तेव्हा तिला समोर बसवून सांगितलं की आता संथवर्ग बंद, जून महिन्यात साध्या शाळेत नाव घालू.

ती आरडाओरडा करेल म्हणून केतकीने तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही.

"बरं," शर्वरी म्हणाली. "किती दिवस?"

"कायमचं गं."

"अच्छा." थोड्या वेळाने ती पुन्हा आली. "तू काम करते आहेस, मी काही मदत करू का?"

लातूरचं बोलणंही तिच्या तोंडातून गेलं होतं. 'करायलीस' म्हणायची ती पोरगी. आता पुस्तकातल्यासारखं बोलायची, तिथल्या बाईंसारखं.

पहिला दिवस बरा गेला. दोघींनी मिळून तूर निवडली. केतकीने तिला लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. तू मेसच्या पातेल्यात बसली होतीस, तू निलंग्याच्या त्या दादाच्या वहीवर वरण सांडलं होतंस. शर्वरी मन लावून ऐकत होती, मधेमधे "मग?" विचारत होती. दुसऱ्याच कुणाच्या मुलीची गोष्ट ऐकताना विचारतात तसं.

दुपारी चटणी वाढताना ती म्हणाली, "यात लसूण आहे ना? आमच्याकडे नसतो."

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे गं?"

मुलगी गोंधळली. तिला उत्तर माहीत होतं, पण ते द्यावं की नाही हे कळत नव्हतं. "तिकडे," ती हळूच म्हणाली. "पण हीपण छान आहे."

दुसऱ्या दिवशी ती सकाळी सात वाजता दप्तर घेऊन पायरीवर बसली. कुठे निघाली नव्हती. नुसती बसली. केतकीने दोनदा हाक मारली तर दोनदा आत आली, सांगितलेलं काम केलं आणि पुन्हा जाऊन बसली. त्या दिवशी तिने अर्धी भाकरी ठेवली. तिसऱ्या दिवशी ताट नुसतं पुढे सरकवलं.

"पोटात दुखायलंय का?"

"नाही. भूक नाही, आई. सॉरी हं. तू एवढं केलंस."

मेसमध्ये केतकीचा एक नियम होता. नवीन पोराने तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं की ती कुणाला न विचारता त्याच्या घरी फोन लावायची. फोनवर ती फार बोलायची नाही. 'तुमच्या लेकराला घराची ओढ लागलीय,' एवढंच. 'येऊन घेऊन जा. मार्क काय, नंतर बघता येतील.' चौदा वर्षांत तिने अशी एकवीस पोरं परत पाठवली होती. काहींचे बाप तिच्यावर ओरडले होते. एकही फोन केल्याचा तिला पस्तावा नव्हता.

त्या दुपारी कूलरपुढे चटई टाकून ती आडवी झाली. झोप येत नव्हती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आत काही हलत नव्हतं. नळ नीट बंद झाला नाही की गळतो, तसं ते येत होतं. शर्वरी कोपऱ्यात बसली होती. तिने बघितलं, उठली, जवळ आली आणि मांडी घालून बसली. तिने आईच्या पाठीवर हात ठेवला.

दोन बारीक थापा. थोडं थांबून तिसरी, लांब.

केतकीने कुशीवर वळून बघितलं. शर्वरीची बोटं धडधाकट होती, पाचही. तरी तिसऱ्या थापेला ती करंगळी उचलून धरत होती.

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"कुणी नाही. आमच्याकडे असंच थोपटतात." तिचा हात थांबला नाही. "नवीन मुलं आली की पहिल्या रात्री रडतात ना. मग मोठ्यांनी एकेकाला घ्यायचं. माझ्याकडे अन्वी म्हणून आहे. तिसरीतली. माझ्याशिवाय झोपत नाही ती." आणि मग, तीन दिवसांत पहिल्यांदा, तिचा आवाज जरासा फाटला. "तिथे नऊ दिवस झाले, आई. तिला वाटलं असेल मी सोडून गेले."

कूलर घरघरत होता.

"तो हात माझा आहे, शरू," केतकी म्हणाली. "तुला असंच थोपटायची मी. तूच होतीस मांडीवर. तिथूनच घेतला त्यांनी."

शर्वरीने विचार केला. खरोखर केला. केतकी तिच्या कपाळावरची आठी बघत होती. ती कुठेतरी लांब जाऊन शोधून येत होती आणि रिकाम्या हाताने परत येत होती.

"हो का?" ती शेवटी म्हणाली. आईला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाली, "छान आहे."

आणि थोपटत राहिली. केतकीला झोप लागली.

चार वाजता उठून तिने शाळेत फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कशासंदर्भात. केतकीच्या तोंडून ते वाक्य आपसूक निघालं, चौदा वर्षांच्या सवयीने. "लेकराला घराची ओढ लागलीय."

"म्हणजे घरीच ठेवायचंय का, मॅडम?"

"नाही," केतकी म्हणाली. "परत पाठवायलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तिने शाळेच्या फाटकाशी, चौकीदाराच्या टेबलावर वाकून संमतीपत्रावर सही केली. चोवीसपट, पाल्याची इयत्ता, पालकाचे नाव. पेन चालत नव्हतं, म्हणून दोनदा करावी लागली. शर्वरी बाजूला उभी होती. रात्री ती दोन भाकरी जेवली होती. तिची उभं राहण्याची तऱ्हाच बदलली होती; एसटीत खिडकीची जागा मिळालेल्या माणसासारखी.

फाटकात शिरण्याआधी ती वळली. आईच्या तोंडाकडे तिने निरखून बघितलं, पहिल्या रात्रीच्या मुलांकडे बघत असेल तसं.

"सहाच दिवस, हं," ती म्हणाली. "मग मी येतेच. नीट जेव." आणि तिने आईच्या दंडावर थोपटलं. दोन बारीक, एक लांब.

केतकी घरी आली. सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तिथे आता पहिली संध्याकाळ व्हायला आली असेल, करंजाखाली.

तिने वरण टाकलं. मग माळ्यावर चढून मेसच्या सामानाचं खोकं काढलं. वरती ताटं होती, त्याखाली पेले, त्याखाली एका पिशवीत पाट्या. नवीन पोरं लाजतात, विचारत नाहीत, म्हणून तिने त्या स्वतःच्या अक्षरात रंगवल्या होत्या. तिला हवी होती ती तळाशी सापडली. तिने ती ओल्या फडक्याने पुसली आणि दाराच्या डाव्या हाताला, माठाच्या वर, शर्वरीच्या डोळ्यांच्या उंचीवर खिळ्याला अडकवली.

'पिण्याचे पाणी. लाजू नये. हाताने घ्यावे.'